धाप न लागलेल्यांचा एप्रिल

२३ एप्रिल २०२१, शुक्रवार. रात्री आठच्या सुमारास नागपुरात एक रेल्वेगाडी येऊन थांबली. तिला डबे नव्हते. सपाट वाघिणींवर सात टँकर बांधलेले होते आणि त्यांच्या पोटात उणे १८३ अंशांना द्रव होणारा, विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात भरलेला शंभर टनांहून जास्त ऑक्सिजन होता. रेल्वेने या गाडीला 'ऑक्सिजन एक्स्प्रेस' असे नाव दिले होते. सातांपैकी तीन टँकर नागपुरात उतरवले गेले, चार नाशिककडे रवाना झाले.

या गाडीचा प्रवास चार दिवसांपूर्वी, १९ तारखेच्या रात्री कळंबोलीहून रिकाम्या टँकरांनिशी सुरू झाला होता. वाघिणीवर टँकर चढवला की त्याची उंची वाढते, मग घाटातले बोगदे आणि रुळांवरचे पूल आडवे येतात. टँकरांच्या वेगवेगळ्या बनावटींची मापे घेऊन शेवटी ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर चालेल असे ठरले. तरीही नेहमीची घाटवाट सोडून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी वळशाने न्यावी लागली. म्हणजे हेच टँकर रिकामे असतानाही नागपुरावरून गेले होते. परतीचे विशाखापट्टणम ते नागपूर हे अंतर गाडीने सुमारे एकवीस तासांत कापले. द्रवरूप ऑक्सिजन जोरात हिसके देत नेता येत नाही, हे लक्षात घेता वेग चांगलाच म्हणायचा.

शंभर टन म्हणजे किती, हे एप्रिलच्या आधी नागपुरात फार थोड्यांना सांगता आले असते. नंतर कोणीही हिशेब करून दाखवायला लागले. द्रवाचा एक लिटर उकळून वायू झाला की साधारण ८६० लिटर होतो. दवाखान्यातल्या उंच जम्बो सिलिंडरमध्ये अंदाजे सात हजार लिटर वायू मावतो. शंभर टनांतून असे दहा हजारांच्या आसपास सिलिंडर भरतील. आणि नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राला मिनिटाला ६० लिटर लागत असतील, तर एक जम्बो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. निरोगी माणूस आरामात बसून मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. खराब झालेल्या फुप्फुसातून तेवढाच पाव लिटर रक्तात ढकलण्यासाठी साठ लिटर ओतावे लागत होते, यावरून त्या फुप्फुसांची अवस्था समजावी.

त्या दिवसांत नागपूर जिल्ह्यात रोज सात हजारांच्या घरात कोविडचे नवे रुग्ण सापडत होते आणि काही दिवशी मृतांचा आकडा शंभरावर गेला होता. मेडिकल आणि मेयो ही दोन जुनी सरकारी रुग्णालये भरलेली, मिहानमधले एम्स भरलेले, धंतोली आणि रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांच्या दारात गाड्या उभ्या. दहनघाटांवर जागा नव्हती. हे सगळे लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. मला सांगायची आहे ती त्यातलीच एक वेगळी गोष्ट: त्या गर्दीत असे कितीतरी लोक होते ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरला होता आणि तरी त्यांना दम लागलेला नव्हता. ते फोनवर बोलत होते. घरच्यांना जेवलात का विचारत होते. 'मला काही होत नाही, उगाच आणलंत' म्हणत होते. काही तासांनी त्यांचीच अवस्था अशी व्हायची की बोलणे थांबायचे.

डॉक्टर मंडळींनी याला 'हॅपी हायपॉक्सिया' म्हटले. नाव फार बरे नाही. त्यात हॅपी काही नव्हते. ज्यांना ते चुकीचे वाटले त्यांनी 'सायलेंट' म्हणायला सुरुवात केली.

मराठीत या अवस्थेला शब्दच नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले. आपल्याकडे दम लागतो, धाप लागते, ऊर फुटतो, श्वास कोंडतो, जीव गुदमरतो, घुसमट होते, घरघर लागते. श्वासाच्या त्रासासाठी भाषेने एवढी शब्दसंपत्ती जमवली, पण सगळे शब्द जाणवणाऱ्या त्रासाचे. रक्तातला प्राणवायू गुपचूप उतरतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, याला नाव देण्याची गरज आजवर कोणाला पडली नव्हती. म्हणून मग 'सॅच्युरेशन' हा रसायनशास्त्राच्या पुस्तकातला शब्द उचलला गेला आणि महालापासून जरीपटक्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. 'काकांचं सॅच्युरेशन किती?' हा प्रश्न 'कसे आहेत?' याच्या जागी आला.

तो शब्द खरे तर आदल्या वर्षीच दारावर येऊन गेला होता. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक घरोघर जात, कपाळासमोर तापमापक धरत आणि बोटाला चिमट्यासारखे एक यंत्र लावत. महाराष्ट्राच्या इतिहासात इतक्या मोठ्या प्रमाणावर, उंबरठ्यावर उभे राहून, लोकांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजला गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. तेव्हा लोकांनी बोट पुढे केले, आकडा ऐकला आणि विसरले. आकडा ९८ आला तर लक्षात कशाला ठेवायचा?

चिमट्यासारखे ते यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, एका जपानी अभियंत्याच्या चिकाटीचे फळ. ताकुओ आओयागी निहोन कोहडेन या कंपनीत हृदय किती रक्त ढकलते ते प्रकाशाने मोजण्याच्या खटपटीत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे मोजमाप सारखे हलत होते. हा हलता भाग काढून टाकण्याच्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आले की हलते तेच धमनीतले रक्त. त्याच्यातूनच ऑक्सिजनचा आकडा काढता येईल. १९७४ साली त्यांनी ही कल्पना मांडली. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून पाठवायचे. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि न धरलेले हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. एवढाच त्यातला युक्तिवाद. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी गेले, जगाला त्यांच्या यंत्राची खरी गरज पडू लागली होती त्या महिन्यात. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले की काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे यंत्र गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त वेळा फसवते, खऱ्यापेक्षा वरचा आकडा दाखवते. आपल्या सावळ्या बोटांवर ते किती फसले असेल याचा विचार एप्रिलमध्ये करायला कोणाला सवड नव्हती.

पण ही अडचण यंत्राची झाली. शरीरातच जन्मापासून बसवलेले एक यंत्र आहे, ते का गप्प राहिले, हा मूळ प्रश्न.

त्यासाठी जरा मागे जावे लागेल. १५ एप्रिल १८७५. (हाही एप्रिलच.) पॅरिसमधून 'झेनिथ' नावाचा फुगा आकाशात गेला, त्यात तिघे फ्रेंच: गास्तों तिसांदिये, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. विरळ हवेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पॉल बर्ट यांनी त्यांना ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत न्यायला सांगितले होते आणि नेलेला साठा पुरणार नाही असेही पत्राने कळवले होते. फुगा आठ हजार मीटरच्या वर गेला. पिशव्या डोक्याशी टांगलेल्या होत्या. हात उचलून नळी तोंडात धरायची, इतकेच करायचे होते. तेवढे कोणाला झाले नाही. फुगा खाली आला तेव्हा एकटे तिसांदिये जिवंत होते. नंतर त्यांनी जे लिहिले ते वाचून अंगावर काटा येतो: गुदमरल्यासारखे वाटलेच नाही, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता, आपण वर चाललो आहोत याचे सुख होते. मेंदू विझत होता आणि विझणाऱ्या मेंदूला बरे वाटत होते.

तेव्हा 'हॅपी' हा शब्द अगदीच निराधार नाही, असे म्हणावे लागते. वर त्याला नावे ठेवली, ती अर्धी मागे घेतो.

यानंतर तीस वर्षांनी, १९०५ मध्ये, ऑक्सफर्डला जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवून दिले की रोजच्या श्वासाचा लगाम ऑक्सिजनच्या हाती नाहीच. तो आहे कार्बन डायऑक्साइडच्या हाती. फुप्फुसातल्या हवेत या वायूचे प्रमाण अगदी किंचित, शेकड्याला दोन दशांश एवढेच वाढले तरी श्वसन जवळजवळ दुप्पट होते. ऑक्सिजन मात्र बराच उतरला तरी शरीर फारशी हालचाल करत नाही. हाल्डेन खाणींतल्या विषारी वायूंचे मोठे जाणकार. आपल्या मुलाला त्यांनी लहानपणी एका खाणीत नेले आणि छताशी साचलेल्या वायूत उभे करून शेक्सपिअरचे भाषण म्हणायला लावले. पोर म्हणता म्हणता खाली कोसळले आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत शुद्धीवर आले. हेच पोर पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून गाजले आणि भारतात येऊन भुवनेश्वरला निवर्तले. कामठी, सिल्लेवाडा, उमरेडच्या कोळशाशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट नवी वाटू नये. जुन्या विहिरीत उतरलेला माणूस ओरडतही नाही, नुसता आडवा होतो; त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच. ज्या विहिरीत ऑक्सिजन संपलेला असतो तिथे धाप लागून सावध व्हायला वेळच मिळत नाही.

कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळला की आम्लता वाढते. मेंदूच्या तळाशी, जिथे तो मज्जारज्जूला मिळतो त्या लंबमज्जेत, या आम्लतेची चव घेणाऱ्या पेशी आहेत. त्यांना ती चव लागली की आपल्याला हवा हवीहवीशी वाटू लागते. श्वास रोखून धरल्यावर काही वेळाने जो असह्य ओढा लागतो तो मुख्यतः यांचा. धाप ही बव्हंशी कार्बन डायऑक्साइडची हाक आहे. मराठीतले दमाचे बरेचसे शब्द याच वायूने घडवलेले आहेत, असे म्हटले तर ते फार चुकणार नाही.

मग ऑक्सिजनची खबर कोण देते? गळ्यात, जबड्याच्या कोनाच्या जरा खाली, मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जिथे दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा एकेक गोळा असतो. कॅरॉटिड बॉडी. अठराव्या शतकापासून शरीरशास्त्रज्ञांना तो दिसत होता, पण तो करतो काय हे कळत नव्हते. कोणी त्याला ग्रंथी म्हटले, कोणी गाठ. माद्रिदमध्ये मज्जाशास्त्रज्ञ काहाल यांचे शिष्य फर्नांदो दे कास्त्रो यांनी १९२६ ते १९२८ या काळात सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले मज्जातंतूंचे जाळे पाहिले आणि तर्क केला की हा गोळा रक्ताची रासायनिक चव घेत असावा. बेल्जियममध्ये गेंट इथे कॉर्नेय हेमान्स यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते सिद्ध केले. १९३८ चे नोबेल एकट्या हेमान्सना मिळाले. त्या काळात स्पेन यादवीत जळत होता आणि दे कास्त्रोंचे नाव मागेच राहिले.

या दाण्याला वजनाच्या मानाने जितके रक्त मिळते तितके शरीरातल्या क्वचितच दुसऱ्या भागाला मिळते. रक्त इथे पोसायला येत नाही, तपासून घ्यायला येते. आतल्या पेशींच्या भिंतीत पोटॅशियमची दारे असतात. ऑक्सिजन उतरला की ही दारे मिटू लागतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी आपल्या पिशव्या रिकाम्या करते. त्या पिशव्यांत एटीपी आणि असिटिलकोलीन असते. एटीपी आपण शाळेत शिकतो ते पेशीचे इंधन म्हणून. इथे तेच निरोप म्हणून वापरले जाते. डोपामिनही भरपूर असते, पण त्याचा स्वभाव उलटा: ते हाक दाबते. अतिदक्षता विभागात रक्तदाबासाठी डोपामिनचे ड्रिप लावले तर ऑक्सिजन उतरल्यावर श्वास वाढवण्याची शरीराची तयारी कमी होते, ती यामुळेच. शिकागोत काम करणाऱ्या, मूळच्या भारतीय नंदुरी प्रभाकर यांनी या गोळ्यात आणखी एक जोडी शोधली: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. खाणीत ज्या वायूंनी माणसे मरतात तेच इथे अत्यल्प मात्रेत निरोप्याचे काम करतात. पहिला गप्प बसवतो, दुसरा ओरडायला लावतो. ऑक्सिजन कमी झाला की पहिला घटतो आणि दुसऱ्याला मोकळीक मिळते.

गळ्यातून निघालेला निरोप नवव्या मज्जातंतूने लंबमज्जेत पोचतो. तिथे तो ग्लुटामेट या रसायनाच्या हवाली होतो आणि पुढच्या पेशी जाग्या होतात. श्वासाची लय धरणारा पेशींचा एक छोटा पुंजका त्याच परिसरात आहे, प्री-बॉटझिंगर. त्याचे नाव एका शास्त्रज्ञाने जर्मनीतल्या परिषदेत जेवणाच्या टेबलावरच्या वाइनच्या बाटलीवरून ठेवले, हे वाचून मला त्या लोकांविषयी आपुलकी वाटली. तिथून आज्ञा निघते ती मानेतून थेट श्वासपटलाकडे. मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेणारा माणूस वीस-पंचवीस घेऊ लागतो.

इथवर सगळे सरळ. गुंता पुढे आहे. ऑक्सिजन कमीच राहिला तरी हा वाढलेला श्वास टिकत नाही. पहिल्या काही मिनिटांत तो चढतो, मग उतरू लागतो आणि अर्ध्या तासात मूळच्या थोडाच वर येऊन थांबतो. कारण मेंदूत त्याच वेळी दुसरे रसायन जमते. एटीपी मेंदूतही सुटते आणि श्वास वाढवते; २००५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर गुरीन यांच्या गटाने उंदरांत हे लंबमज्जेच्या पृष्ठभागावर मोजून दाखवले. पण एटीपी फार वेळ एटीपी राहत नाही. त्याचे तुकडे पडतात आणि शेवटी अडेनोसिन उरते. ते श्वास मंदावते. म्हणजे ज्याने घोड्याला टाच मारली त्याच्याच अवशेषाने लगाम ओढायचा. गाबा नावाचे आणखी एक रसायन त्या ओढण्याला जोर देते. निसर्गाने असे का केले असावे? ऑक्सिजन नसताना छातीचे स्नायू जोरात चालवले तर उरलासुरला ऑक्सिजन तेच खाऊन टाकतील, असा एक तर्क आहे. पोटात असलेल्या बाळाला तर हे ब्रेक फारच उपयोगी. तिथे श्वास घेऊन मिळणार काय?

आता एप्रिलमधल्या त्या रुग्णाकडे पुन्हा पाहू. त्याच्या फुप्फुसाचे काही भाग सुजून निकामी झाले आहेत, पण उरलेले भाग अजून लवचीक आहेत. कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीस पट सहज आरपार जातो. श्वास थोडा वाढला की चांगल्या भागातून तो नेहमीपेक्षाही जास्त बाहेर पडतो. ऑक्सिजनचे तसे नाही; चांगल्या भागातले हिमोग्लोबिन आधीच भरलेले, ते आणखी किती घेणार? परिणाम असा की रक्तात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइडही कमी. धाप लावणारा वायूच नाही, तर धाप कुठून लागणार? त्यातही गळ्यातल्या दाण्याचा आवाज कार्बन डायऑक्साइड कमी असला की आपोआप बारीक होतो. शिवाय तो जोरात ओरडू लागतो ते ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साठ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर. बोटावरचा आकडा तेव्हा नव्वदच्या आसपास असतो. त्याच्याखाली हिमोग्लोबिनचा आलेख पठारावरून दरीत उतरावा तसा उतरतो. नव्वदपर्यंत दिवस लागले असतील तर सत्तरपर्यंत काही तास पुरतात.

वयाबरोबर आणि मधुमेहात गळ्यातली ही हाक आधीच मंद झालेली असते, याची त्यात भर. विषाणूने खुद्द या दाण्यावरच हल्ला केला असावा, अशीही शंका २०२१ मध्ये मांडली गेली, कारण विषाणू ज्या कडीला धरून पेशीत शिरतो ती एसीई-२ ची कडी तिथल्या पेशींवर सापडली. शंका म्हणूनच ती इथे नोंदवतो. बाकीच्या कारणांनीही ती शांतता पुरेशी उलगडते.

हा गोळा नसेल तर माणूस कसा वागतो, याचा पुरावा याआधीच एका विचित्र प्रकरणातून मिळाला होता. जपानमध्ये कोमेई नाकायामा या शल्यविशारदांनी १९४० च्या दशकापासून दमेकऱ्यांचा कॅरॉटिड बॉडी काढून टाकण्याच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या. दम्याला त्याचा खरा उपयोग किती, यावर पुढे वाद झाला आणि शस्त्रक्रिया मागे पडली. पण ज्यांचे दोन्ही बाजूंचे गोळे गेले त्यांच्यात एक गोष्ट दिसली: ऑक्सिजन कमी असलेली हवा दिली तरी त्यांचा श्वास वाढत नव्हता. त्यांना कमी पडते आहे हे त्यांना कळतच नव्हते.

नागपुरातल्या डॉक्टरांच्या हाती या सगळ्या रसायनशास्त्राचा उपयोग एवढाच होता की त्यांनी धापेवर विश्वास ठेवायचे सोडले. 'दम लागला तर या' असे सांगण्याऐवजी 'सहा मिनिटं घरातल्या घरात चाला आणि मग बोटाला लावा' असे सांगू लागले. चालल्यावर आकडा चार-पाचने घसरला तर भरती व्हायचे, माणूस कितीही टवटवीत दिसो. पालथे झोपवण्याचा साधा उपाय वॉर्डावॉर्डात आला. पालथे झाल्यावर पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोकळा होतो आणि आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. त्या वॉर्डांतून तेव्हा उताणा माणूस दुर्मीळ झाला होता. नखांवरची मेंदी, थंड पडलेली बोटे, सेल संपत आलेला ऑक्सिमीटर, अशा कारणांनी चुकीचे आकडे यायचे आणि रात्री दोनला घरेच्या घरे घाबरायची. पण बेशिस्त का होईना, आकडा हाताशी होता.

आकडा कळून उपयोग काय, जर सिलिंडर नसेल तर. नागपूरचा द्रव ऑक्सिजन मुख्यत्वे भिलाईहून यायचा. पोलाद बनवायला शुद्ध ऑक्सिजन लागतो, म्हणून पोलाद कारखान्यांजवळ तो बनवण्याची यंत्रे असतात. शांततेच्या काळात लोखंड शुद्ध करणारा वायू या महिन्यात माणसांकडे वळवला गेला. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या भरणा केंद्रांवर रांगा लागल्या. भिलाईच्या कोट्याला कात्री लागली तेव्हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. रेमडेसिविर या औषधाच्या कुप्या आणि ऑक्सिजनचे टन यांवर न्यायमूर्ती सुनावण्या घेत होते. इतर वेळी हा हिशेब एखाद्या भांडारपालाने केला असता.

आणखी एक नाव या गोष्टीत येते ते प्यारे खान यांचे. ताजबागच्या वस्तीत वाढलेला, रेल्वे स्टेशनाबाहेर संत्री विकलेला, ऑटो चालवलेला हा माणूस पुढे मोठा वाहतूकदार झाला. क्रायोजेनिक टँकर मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी बाहेरच्या राज्यांतून, लागेल ते भाडे देऊन टँकर आणवले. वर्तमानपत्रांत छापून आलेला खर्चाचा आकडा ८५ लाखांचा होता आणि सरकारने परतफेड देऊ केली तेव्हा रमजानची जकात समजा म्हणून त्यांनी ती नाकारली, असेही छापून आले. इतिहास लिहिणाऱ्याने अशा बातम्यांना थोडी मीठमिरची गृहीत धरावी. पण टँकर आले होते, ते लोकांनी पाहिले.

आणि तीन टँकर रेल्वेने आले. नाशिकला गेलेल्या चार टँकरांची गोष्ट याहून कठीण आहे. गाडी विशाखापट्टणमकडे निघालेली असतानाच, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला आणि त्या दिवशी बावीस जण गेले. तिथे आकडे माहीत होते, नळ्या लावलेल्या होत्या, फक्त दाब पडला.

मे महिन्यात नागपूरचा आलेख खाली आला. जूनमध्ये पाऊस आला. ऑक्सिमीटर थर्मामीटरच्या शेजारी खणात गेले आणि बऱ्याच घरांत त्यांतले सेल तिथेच गळून पांढरे पडले.

रुग्णालयाच्या एका भागात मात्र हे यंत्र कोविडच्या कितीतरी आधीपासून दिवसरात्र चालू असते, आणि लाट ओसरल्यावरही ते बंद झाले नाही. नवजात अतिदक्षता विभागात. महिने भरण्याआधी जन्मलेले बाळ अधूनमधून श्वास घ्यायचाच विसरते. त्याच्या मेंदूतले अडेनोसिनचे ब्रेक पोटातल्यासारखेच घट्ट असतात. ऑक्सिजन उतरला की क्षणभर श्वास वाढतो आणि लगेच पडतो, कधी थांबतोच. त्यावरचे औषध म्हणजे कॅफीन, टपरीवरच्या चहात असते तेच. ते मेंदूत अडेनोसिनची जागा अडवून बसते. दिवसातून एकदा, वजनाप्रमाणे मोजून, थेंबांत. बाळाला धाप लागत नाही, लागली तरी ते सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या अंगठ्याएवढ्या पावलाला एक पट्टी गुंडाळलेली असते, पट्टीतून तांबडा उजेड झिरपत असतो आणि आकडा नव्वदखाली गेला की घंटा वाजते. मग परिचारिका येऊन तळव्यावर बोटाने टिचकी मारते, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने बाळ पुन्हा श्वास घेते.